जर्मनीचं घड्याळ पुण्यात का लागत नाही: रेडिओवरून सांगितल्या जाणाऱ्या वेळेची गोष्ट

जर्मनीत नोकरीला असलेला भाचा किंवा पुतण्या सुट्टीवर येताना कधी कधी भिंतीवरचं एक घड्याळ आणतो. त्याच्या तबकडीवर मनोऱ्याचं आणि त्यातून निघणाऱ्या लहरींचं बारीकसं चित्र असतं. सेल घातला की काटे आपोआप गरगर फिरून बारावर येतात आणि थांबतात. तिकडे फ्रँकफर्टमध्ये काही मिनिटांतच ते पुन्हा फिरायला लागतात आणि बरोबर सेकंदावर येऊन चालू होतात. पुण्यात मात्र घड्याळ बारावरच ताटकळत राहतं. शेवटी घरातलं कुणीतरी मागचं बटण दाबून हाताने वेळ लावतं. मग ते बाजारातल्या कुठल्याही साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखं चालतं, महिन्याला दहा-पंधरा सेकंद मागे-पुढे करत.

घड्याळ बिघडलेलं नसतं. आतलं यंत्र क्वार्ट्झचंच, इतर घड्याळांत असतं तसं. त्याला जोडून एक छोटा रेडिओ असतो आणि तो एकाच केंद्रावर कायमचा लावलेला असतो. त्या केंद्रावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत, चोवीस तास फक्त जर्मनीची अधिकृत वेळ. ते केंद्र आपल्याकडे ऐकू येत नाही, एवढीच अडचण.

वेळ सांगण्यासाठी अख्खं रेडिओ केंद्र चालवायचं हे ऐकायला जरा अती वाटतं. पण "आत्ता किती वाजले" या प्रश्नाचं अचूक उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. "सात वाजले" हे दोन शब्द उच्चारायलाच एक सेकंद जातो. मग सात नेमके कधी वाजले? 'सा' म्हणताना की 'ले' म्हणताना? म्हणजे वेळ सांगायच्या दोन बाजू आहेत. एक आकडा: सात, सव्वासात, साडेसात. हा सावकाश सांगता येतो, आधी सांगून ठेवला तरी चालतो. दुसरा क्षण. तो सांगता येत नाही, दाखवावा लागतो, आणि तोही अशा खुणेने की जिची सुरुवात धारदार असेल. गेल्या दोनशे वर्षांत लोकांपर्यंत वेळ पोचवायच्या ज्या युक्त्या निघाल्या, त्या सगळ्या या दुसऱ्या बाजूशी झटापट करणाऱ्या आहेत.

तोफ आणि गोळा

पहिली युक्ती तोफेची. बंदरातल्या किल्ल्यावरून ठरलेल्या वेळी तोफ उडवायची. आवाज गावभर जातो, पण सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगाने. किल्ल्यापासून एक किलोमीटरवरच्या माणसाला तोफ तीन सेकंद उशिरा ऐकू येते. गावातल्या माणसाला याचं काही वाटत नाही. जहाजावरच्या खलाशाला वाटतं, कारण भर समुद्रात आपलं रेखावृत्त तो घड्याळावरूनच काढत असे. पृथ्वी चार सेकंदांत रेखांशाचं एक मिनिट फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलं तर नकाशावरचं जहाज विषुववृत्ताजवळ जवळजवळ दोन किलोमीटर सरकतं. रात्रीच्या अंधारात, खडकाळ किनाऱ्याजवळ, हे अंतर पुरेसं असतं.

म्हणून १८३३ साली ग्रीनिचच्या वेधशाळेने छतावर खांब उभारून त्यावर एक मोठा गोळा बसवला. एक वाजायला पाच मिनिटं असताना गोळा अर्ध्यावर चढायचा, दोन मिनिटं असताना टोकाला जायचा आणि बरोबर एकला पडायला लागायचा. गोळा तळाला कधी टेकतो याला महत्त्व नव्हतं. तो जागेवरून हलतो तो क्षण खरा. थेम्स नदीतल्या जहाजांवरून दुर्बिणीने हे बघितलं जाई, आणि प्रकाशाच्या वेगापुढे आवाजाची ती तीन सेकंदांची अडचण उरतच नसे. मुंबई बंदरातही असे वेळेचे गोळे होते. त्यांना पडण्याची खूण कुलाब्याच्या वेधशाळेतून विजेच्या तारेने मिळे. कुलाबा वेधशाळा म्हटलं की आज आपल्याला पावसाचे आकडे आठवतात, पण १८२६ साली ती उभी राहिली त्यामागे जहाजांना वेळ देणं हे एक मोठं कारण होतं.

गोळ्याची मर्यादा उघड आहे. धुकं पडलं की संपलं, आणि बंदर मागे टाकलं की संपलंच.

रेडिओने ही मर्यादा घालवली. पॅरिसचा आयफेल टॉवर १९१० साली रेडिओवरून वेळेच्या खुणा पाठवू लागला. या टॉवरला मूळ परवानगी वीसच वर्षांची होती. तो १९०९नंतर पाडायचा बेत बारगळला त्याचं एक मोठं कारण म्हणजे अँटेना लावायला एवढी उंच जागा दुसरी नव्हती. त्या टॉवरच्या खुणा ऐकण्यासाठी युरोपातले घड्याळजी आपल्या दुकानात छोटे रेडिओ संच बसवून घेत. नेहमीचे मनोरंजनाचे कार्यक्रम रेडिओवर सुरू व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. रेडिओचे पहिले हौशी श्रोते गाण्यासाठी नव्हे तर घड्याळ लावण्यासाठी कान देऊन बसत होते, हे मला फार गमतीचं वाटतं.

सहा टूंटूं

सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत वेळ पोचवायची जी रीत जगभर रुळली ती बीबीसीची. ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन आणि बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी मिळून ती ठरवली आणि ५ फेब्रुवारी १९२४ रोजी पहिल्यांदा ती प्रसारित झाली. तासाच्या आधीच्या पाच सेकंदांना एकेक टूं, आणि तास भरताना सहावी.

आधीच्या पाचांचं काम काय, असा प्रश्न पडेल. आपल्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं करतात तेच. मुहूर्त एका क्षणाचा असतो, पण तो गाठायचा तर सगळ्यांचं लक्ष आधीपासून तिकडे लागायला हवं. हातात अक्षता हव्यात, अंतरपाट कधी सरेल याचा अंदाज हवा. भटजी "सावधान" म्हणत राहतात ते त्यासाठीच. पाच टूं ऐकताना कानाला लय सापडते, बोट घड्याळाच्या चावीवर येतं आणि सहावीला बोट आपोआप दाबलं जातं. एकच टूं वाजवली असती तर दचकून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला असता.

सुरुवातीला सहाही टूं सारख्याच लांबीच्या होत्या. पुढे १९७२पासून सहावी लांब झाली. आधीच्या पाचही टूं सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या, शेवटची अर्ध्या सेकंदाची. त्यामागचं कारण थोडं वाकडं आहे. अणूंच्या ठरावीक कंपनांवर चालणारी अतिअचूक अणुघड्याळं आल्यावर लक्षात आलं होतं की त्यांच्या मानाने पृथ्वीचं फिरणं अनियमित आहे आणि बहुतेक वेळा ती किंचित मागे पडते. घड्याळ आणि सूर्य यांची फारकत होऊ नये म्हणून १९७२पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालायची पद्धत सुरू झाली. असा सेकंद आला की टूं सहाऐवजी सात वाजवाव्या लागणार. मग मोजणाऱ्याने शेवटची कोणती ते कसं ओळखायचं? तिला लांब करून. आकडा कुणी मोजला नाही तरी चालेल, लांब टूं सुरू झाली की तास झाला. लक्षात घ्या, सुरू झाली की. ती संपते तेव्हा तास उलटून अर्धा सेकंद झालेला असतो, आणि बरेच लोक चुकतात ते इथेच.

असे २७ जादा सेकंद आजवर घातले गेले. शेवटचा आला तेव्हा ग्रीनिचमध्ये ३१ डिसेंबर २०१६ची मध्यरात्र होती आणि आपल्याकडे १ जानेवारी २०१७ची पहाट. भारतातल्या घड्याळांत त्या दिवशी ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आला आणि मग साडेपाच वाजले. संगणकवाल्यांना हा प्रकार मुळीच आवडत नाही. फार तर २०३५पर्यंत या रीतीत बदल करून जादा सेकंदाची वेळ सहसा येऊच द्यायची नाही, असं वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ साली ठरवलं आहे.

बीबीसीत आजही त्या सहा टूंवर बोलणं हा निवेदकाचा मोठा प्रमाद मानतात. माझ्या मते ते योग्यच आहे. बाकी कार्यक्रम मागे-पुढे झाला तर कुणाचं बिघडत नाही.

एका मिनिटात ५९ बिट

आता पुन्हा त्या जर्मन घड्याळाकडे. टूंटूं माणसासाठी ठीक आहे, कारण किती वाजलेत हे माणसाला साधारण माहीत असतं, त्याला फक्त क्षण हवा असतो. यंत्राला काहीच माहीत नसतं. त्याला आकडाही द्यावा लागतो.

फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन गावी एक प्रक्षेपक आहे, त्याचं नाव डीसीएफ ७७. तो ७७.५ किलोहर्ट्झवर, ५० किलोवॉटच्या ताकदीने एक सलग लहर पाठवतो. या लहरीवर आवाज नसतो. फक्त दर सेकंदाच्या सुरुवातीला तिचा जोर एकदम उतरतो, पंधरा टक्क्यांच्या आसपास येतो, आणि क्षणात पूर्ववत होतो. जोर उतरायला लागतो तो क्षण म्हणजे सेकंदाची सुरुवात. ग्रीनिचचा गोळा हलायचा, तेच इथे. आणि आकडा? तो उतरलेल्या जोराच्या लांबीत दडवलेला असतो. सेकंदाचा दहावा भाग जोर कमी राहिला तर शून्य, पाचवा भाग राहिला तर एक. दर सेकंदाला एक बिट.

एकविसाव्या सेकंदापासून मिनिटं सुरू होतात. त्यांच्यासाठी सात जागा आहेत आणि प्रत्येक जागेची किंमत ठरलेली आहे: १, २, ४, ८, १०, २०, ४०. समजा ३७ मिनिटं सांगायची आहेत. १ आणि २ आणि ४ मिळून ७, १० आणि २० मिळून ३०. म्हणजे या पाच जागी एक, बाकी ८ आणि ४०च्या जागी शून्य. पुढच्या सेकंदाला एक राखणीचा बिट येतो. एकूण एकांची संख्या नेहमी सम असली पाहिजे असा नियम आहे. इथे पाच एक आहेत, म्हणून राखणीचा बिटही एक, झाले सहा. वाटेत विजेच्या खडखडाटाने एखादा बिट उलटला तर संख्या विषम होते आणि घड्याळ ते मिनिट सोडून देऊन पुढच्याची वाट बघतं. याच पद्धतीने मग तास, तारीख, वार, महिना, आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. उन्हाळी वेळ बदलायच्या आधी तासभर तशी सूचना देणारा एक बिटही आहे. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे जर्मनीतली अशी घड्याळं कुणी हात न लावता तासभर सरकतात ती त्यामुळे.

दोन गोष्टी खास बघण्यासारख्या आहेत. एकोणसाठाव्या सेकंदाला जोर उतरतच नाही. त्या चुकलेल्या ठोक्यावरून यंत्राला कळतं की आता येणारा ठोका नव्या मिनिटाचा. आणि मिनिटभर जो आकडा सांगितला जातो तो चालू मिनिटाचा नसतो, येणाऱ्या मिनिटाचा असतो. ३७ सांगितले जात असतात तेव्हा ३६ चालू असतात. आकडा आधी सावकाश सांगून ठेवायचा आणि "आता!" म्हणायला एकच धारदार खूण वापरायची. संपूर्ण निरोपाला एक मिनिट लागतं, म्हणजे सेकंदाला एक बिट इतका मंद वेग. पण या मंदपणाने अचूकतेला काडीचाही धक्का लागत नाही. शिवाय इतका मंद, इतका साधा निरोप पकडायला पेन्सिलीच्या तुकड्याएवढी फेराइटची, म्हणजे एका चुंबकीय पदार्थाची, कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार पुरते. सगळी मेहनत प्रक्षेपकाकडे, अणुघड्याळंही त्याच्याकडे. घरातलं घड्याळ फक्त रात्री एकदा कान उघडतं, कारण रात्री विजेच्या उपकरणांचा गोंगाट कमी असतो. तेवढ्यावर त्याचा दिवस निघतो.

ही लहर जवळजवळ चार किलोमीटर लांबीची आहे. एवढ्या लांब लहरी जमिनीला धरून पसरतात आणि भिंतीतून घरात शिरतात, म्हणून त्या या कामाला निवडल्या. त्यांचा आवाका साधारण दोन हजार किलोमीटरचा. फ्रँकफर्टहून पुणे साडेसहा हजारांच्या पुढे. अशी लांब लहरींची केंद्रं इंग्लंड, अमेरिका, जपान आणि चीनमध्येही आहेत. जपानचं एक फुकुशिमा जिल्ह्यातल्या डोंगरावर आहे. २०११च्या भूकंपानंतर अणुवीज केंद्राच्या भोवतीचा भाग रिकामा केला तेव्हा ते महिन्याहून जास्त बंद पडलं आणि पूर्व जपानातली घड्याळं आपापल्या क्वार्ट्झच्या भरवशावर राहिली. भारतात असं केंद्र नाही. त्यामुळे महागड्या मनगटी घड्याळांवर सहा केंद्रांची नावं छापलेली असली तरी मुंबई-पुण्यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आणि समजा एखाद्या रात्री जर्मनीची लहर आलीच, तरी भाच्याचं भिंतीवरचं घड्याळ लागणार जर्मनीच्या वेळेवर.

आपल्याकडची वेळ

आपल्याकडे वेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं, तिथल्या अणुघड्याळांचं. अनेक वर्षं या प्रयोगशाळेचं स्वतःचं लघुलहरींवरचं केंद्र होतं, 'एटीए' या नावाचं, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर. ते आता बंद आहे. बहुतेकांना ते असल्याचंही ठाऊक नव्हतं, कारण आपल्या घरात वेळ यायची ती आकाशवाणीवरून, बातम्यांच्या आधीच्या टूंटूंमधून. पुणे केंद्राच्या सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या म्हणजे शाळेचा डबा भरायला घ्यायचा, एवढी अचूकता बहुतेक घरांना पुरत असे.

वेळ अधिकृत आहे म्हणून लोक ती मानतातच असंही नाही, हे मुंबईने दाखवून दिलेलं आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची जुनी वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. गिरणी कामगारांपासून फिरोजशहा मेहतांपर्यंत अनेकांनी नव्या वेळेला विरोध केला आणि महापालिकेने 'बॉम्बे टाइम' धरून ठेवला, तो थेट १९५५पर्यंत. इतकी वर्षं एका शहरात दोन वेळा नांदत होत्या.

आज आकाशवाणी फोनवरच्या अ‍ॅपवर ऐकता येते, आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली आहे. जुन्या मध्यम लहरींच्या रेडिओवर दिल्लीची लहर पुण्याला पोचायला सेकंदाच्या हजार भागांपैकी चार भाग लागले असते. कार्यक्रम उपग्रहावरून फिरवला तर वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो. आणि अ‍ॅपवर आवाज आधी साठवला जातो, मग ऐकवला जातो, त्यामुळे कित्येक सेकंदांचा उशीर सहज होतो. शेजारच्या खोलीत रेडिओ आणि आपल्या हातात अ‍ॅप असेल तर एकच टूं दोनदा ऐकू येते. आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ, वेळ पूर्वीपेक्षा चुकीची. तासाची टूं अ‍ॅपवर ऐकून घड्याळ लावण्यात आता अर्थ उरलेला नाही.

याचा अर्थ रेडिओवरची वेळ संपली असा नाही. जीपीएसचे उपग्रह हे मुळात वेळ सांगणारे प्रक्षेपकच आहेत. प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ सतत ओरडून सांगत असतो आणि फोन त्या वेळांमधल्या फरकांवरून आपली जागा काढतो. खलाशाच्या चार सेकंदांच्या चुकीने दोन किलोमीटर हुकायचे. इथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ३०० मीटर हुकतात. फक्त जीपीएसची स्वतःची वेळ जादा सेकंद मोजत नाही. ती सध्या जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे आणि हा फरक निरोपात वेगळा सांगितला जातो.

मोबाइलचे मनोरे, बँकांचे आणि शेअर बाजाराचे सर्व्हर, विजेचं जाळं यांना वेळ दुसऱ्या देशाच्या उपग्रहांकडून घ्यावी लागू नये, म्हणून भौतिकी प्रयोगशाळेची वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या पाच प्रयोगशाळांमार्फत पोचवायची योजना आहे. व्यवहारात आणि सरकारी कामात भारतीय प्रमाणवेळच वापरली पाहिजे, अशा नियमांचा मसुदाही केंद्र सरकारने जानेवारी २०२५मध्ये जाहीर केला. या योजनेत वेळ पोचणार आहे ती मुख्यतः तारांमधून आणि उपग्रहांवरून, भिंतीवरच्या घड्याळापर्यंत नव्हे. त्यामुळे भाच्याने आणलेलं घड्याळ हातानेच लावावं लागणार.

ते निदान नीट लावायचं असेल आणि घरात लघुलहरींचा जुना रेडिओ पडून असेल तर रात्री १० मेगाहर्ट्झवर काटा न्यावा. बीपीएम नावाचं चीनचं वेळेचं केंद्र शीआन शहराजवळून याच लहरीवर बोलतं. आपल्यापासून ते चारएक हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे खुणेला यायला सेकंदाच्या हजार भागांपैकी तेरा-चौदा भाग लागतात. हवा चांगली असली तर खरखरीतून दर सेकंदाला एक टक ऐकू येईल आणि मिनिटाची टक इतरांपेक्षा लांब असेल. कोणतं मिनिट ते फोनवर बघून घ्यावं, काटे त्या मिनिटावर आधीच आणून ठेवावेत आणि लांब टक सुरू होताच बटण सोडावं.